सेमीफायनलला कोण जाणार? टीव्हीवरच्या क्विझचा अंदाज आणि आपल्या तालुक्यांचा हिशेब

विश्लेषण

आयपीएलच्या प्लेऑफला कोणते चार संघ जाणार यावर आपल्याकडं पानटपरीवर पैजा लागतात. टीव्हीवरच्या विद्यार्थ्यांच्या क्विझवर कुणी पैज लावत नाही. खरं तर क्रिकेटपेक्षा क्विझचा अंदाज बांधणं सोपं आहे. चार संघांची नावं सांगता आली नाहीत तरी ते कुठून आलेले असतील, त्यांचं माध्यम काय असेल, त्यांच्यामागं कोण उभं असेल, हे पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी बऱ्यापैकी सांगता येतं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळांनी काळजी करावी ती याच गोष्टीची.

आधी अंदाज बांधायचा कसा ते बघू. त्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या देशातलं नाही, इंग्लंडातलं आहे. 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' हा तिथल्या विद्यापीठांच्या संघांचा कार्यक्रम 1962 साली सुरू झाला. 1987 मध्ये बंद पडला, 1994 मध्ये बीबीसीवर परत आला आणि अजून चालू आहे. 2023 पासून त्याचे सूत्रसंचालक आहेत अमोल राजन. नाव ऐकून कुणाला आपल्याकडचे वाटतील, पण जन्म कोलकात्याचा आणि वडील तमिळ. आपल्याकडच्या बऱ्याच क्विझ कार्यक्रमांवर या कार्यक्रमाची छाप आहे. सिद्धार्थ बसूंनी त्याची भारतीय आवृत्तीही केली होती आणि 2003-04 च्या हंगामात ती मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयानं जिंकली होती.

खेळाचा नियम साधा आहे. एक प्रश्न दोन्ही संघांना मिळून विचारतात. जो आधी बजर दाबेल आणि बरोबर सांगेल त्याला 10 गुण. मग त्याच संघाला तीन जोडप्रश्न, प्रत्येकी 5 गुणांचे. प्रश्न पुरा व्हायच्या आत बजर दाबला आणि उत्तर चुकलं, तर 5 गुण वजा आणि दुसऱ्या संघाला पूर्ण प्रश्न आरामात ऐकायला मिळतो.

आता गंमत बघा. बहुतेक प्रेक्षक एकूण गुण बघून अंदाज बांधतात. अमक्या संघानं 250 केले, तमक्यानं 160, म्हणजे अमका भारी. इथंच फसगत होते. समोरचा संघ कच्चा असला की बजर आपोआप तुमच्याकडं येतो आणि गुण फुगतात. बघायचं असतं ते जोडप्रश्नांत तीनपैकी किती आले. तिथं समोरच्याचा काही संबंध नसतो, घाई नसते, चौघांनी कुजबुज करून उत्तर द्यायचं असतं. समजा दोन संघांनी दहा-दहा बजर जिंकले. एकाला दर वेळी तीनपैकी एक जोडप्रश्न येतो, त्याचे झाले 150. दुसऱ्याला तीनपैकी दोन येतात, त्याचे झाले 200. बजर सारखेच, फरक 50 गुणांचा. पहिल्या फेरीत थोडक्यात हरलेला पण जोडप्रश्न चांगले सोडवणारा संघ मी तरी कधी खोडून टाकणार नाही. त्या कार्यक्रमातही त्याची सोय आहे: 28 संघांपैकी 14 जिंकतात, आणि हरलेल्यांतल्या सर्वाधिक गुणांच्या चार संघांना पुन्हा संधी मिळून त्यातले दोन पुढं जातात.

दुसरी खूण म्हणजे वजा गुण. उतावळेपणा पहिल्या दोन फेऱ्यांत खपून जातो, सेमीफायनलला नाही. 2025 च्या अंतिम सामन्यात केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजनं वॉरिक विद्यापीठाला 175 विरुद्ध 170 असं हरवलं. अख्ख्या हंगामाचा निकाल 5 गुणांवर. एका चुकीच्या बजरची किंमत तेवढीच असते!

एकखांबी तंबूचं काय? सगळी उत्तरं एकच जण देत असेल तर तो संघ पुढं टिकत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. 2009 मध्ये ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजची कर्णधार गेल ट्रिंबल हिनं संघाचे जवळपास दोन तृतीयांश गुण एकटीनं मिळवले आणि अंतिम सामना 275 विरुद्ध 190 असा जिंकून दिला. पुढं ते विजेतेपद काढून घेतलं गेलं, पण कारण वेगळं होतं. संघातला एक जण अंतिम टप्प्यापर्यंत तिथला विद्यार्थीच राहिला नव्हता. करंडक गेला हरलेल्या मँचेस्टरकडं.

मँचेस्टरवर जरा थांबायला पाहिजे, कारण आपल्या कामाची गोष्ट तिथं आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची प्रत्येक कॉलेजं या स्पर्धेत वेगवेगळा संघ पाठवतात. बाकीच्या विद्यापीठांना, मग त्यांच्याकडं कितीही हजार विद्यार्थी असोत, एकच संघ. म्हणजे एकाच गावातून दहा अर्ज आणि बाकीच्या तालुक्याला एक. 1975 साली मँचेस्टरच्या संघानं याचा निषेध म्हणून भर कार्यक्रमात प्रश्न काहीही असो, उत्तर देताना मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, चे गेव्हारा अशी नावं सांगायला सुरुवात केली. नियम काही बदलला नाही, आजही तसाच आहे. पण त्याच मँचेस्टरनं 2006, 2009, 2012 आणि 2013 अशी आठ वर्षांत चार विजेतेपदं नेली. कशी? तिथल्या ग्रंथालयात काम करणारा एक माणूस संघ निवडायचा, सराव घ्यायचा, वर्षानुवर्षं तेच काम करायचा. विद्यार्थी शिकून निघून जायचे, तो माणूस तिथंच असायचा. आज सगळ्यात जास्त पाच विजेतेपदं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजकडं आहेत, 1996, 2001, 2020, 2022 आणि 2024. तिथंही संघ एकच जातो.

म्हणून अंदाज बांधणारा माणूस विद्यार्थ्यांची नावं नंतर बघतो. ही संस्था गेल्या चार-पाच वर्षांत किती वेळा इथवर आली होती, हे आधी बघतो. पूर्वी आलेली संस्था पुन्हा येते, कारण तिथं पद्धत बसलेली असते. कुणाला कुठला विषय द्यायचा, बजरवर बोट कुणाचं, जोडप्रश्नाला कर्णधारानं कुणाकडं बघायचं, हे सगळं मागची बॅच पुढच्या बॅचला देते.

आता आपल्याकडं येऊ.

भारतात शाळांच्या क्विझची सवय लावली ती बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्टनं. 1972 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आधी रेडिओवर गाजली, हमीद सयानी आणि नंतर अमीन सयानींच्या आवाजात, आणि 1992 मध्ये डेरेक ओब्रायन यांच्यासोबत टीव्हीवर आली. त्याआधी 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला होता. अलीकडचं मोठं उदाहरण म्हणजे केंद्राच्या क्रीडा खात्याचं फिट इंडिया क्विझ. 2021 मध्ये सुरू झालं, बक्षिसांची एकूण रक्कम सव्वातीन कोटी, राष्ट्रीय फेऱ्या स्टार स्पोर्ट्सवर. पहिलं विजेतेपद नोएडाच्या दिल्ली पब्लिक स्कूलकडं गेलं.

या स्पर्धेची रचना नीट बघा. राष्ट्रीय फेरीला प्रत्येक राज्यातून, केंद्रशासित प्रदेशातून एकच शाळा. मोठं राज्य असो की छोटं, जागा एकच. म्हणजे गोव्यातल्या शाळेला गोव्यात पहिलं यायचं, आणि मेहकरच्या शाळेला मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे सगळ्यांना मागं टाकून महाराष्ट्रात पहिलं यायचं. टीव्हीवर सेमीफायनल दिसते ती खूप नंतरची. महाराष्ट्राची खरी सेमीफायनल राज्य फेरीतच होऊन जाते आणि ती आपण बघतही नाही. ज्याला अंदाज बांधायचाय त्यानं राज्य फेरीचा निकाल आधी काढावा. मोठ्या राज्यातून गाळून आलेला संघ राष्ट्रीय फेरीत सहसा लवकर पडत नाही.

दुसरा फरक, युनिव्हर्सिटी चॅलेंजच्या उपांत्यपूर्व टप्प्यात संघाला दोनदा हरेपर्यंत बाहेर काढत नाहीत. दोन विजय मिळाले की सेमीफायनल. एक दिवस वाईट गेला तरी चालतो, त्यामुळं तिथले चार संघ सहसा खरोखर वरचे चारच असतात. आपल्याकडच्या बहुतेक आंतरशालेय स्पर्धांत सकाळी लेखी चाळणी, त्यातले पहिले सहा-आठ संघ दुपारी मंचावर, आणि संध्याकाळी बक्षीस. एका दिवसाचा खेळ. यात एखादा अनपेक्षित संघ घुसायची शक्यता जास्त. म्हणजे आपली संधी कुठं आहे हे कळलं ना? पण ती संधी चाळणीच्या पुढं गेल्यावर. आपली पोरं अडकतात ती चाळणीतच.

का अडकतात? हुशारी कमी म्हणून नाही. याच जिल्ह्यातली मुलं शिष्यवृत्ती काढतात, एनएमएमएस काढतात, नवोदयला लागतात. अडचण अशी की या सगळ्या परीक्षांत चार पर्याय असतात. आपल्या मुलाला ओळखायची सवय आहे, आठवायची नाही. पर्याय समोर असला की तो बरोबर टिक करतो. पर्याय काढून घेतले की म्हणतो, "सर, तोंडावर आहे पण येत नाही." तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मोठ्या मुलांचंही तेच. एका ओळीचा प्रश्न, एका ओळीचं उत्तर, पाठ.

उदाहरण घरचंच घेऊ. आपल्याकडच्या गाइडात प्रश्न असतो, लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? उत्तर सगळ्यांना येतं. क्विझमधला प्रश्न तसा येत नाही. तो असा येईल: "1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं नोंद केलेलं, बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेलं, खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्याचं, 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्यानं चर्चेत आलेलं आणि त्याच वर्षी रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं सरोवर कोणतं?"

बजर कुठं दाबायचा? '1823' वर कुणी दाबणार नाही. अलेक्झांडरच्या नावावर एखादा पट्टीचा दाबेल. 'बेसाल्ट खडकात उल्का' इथं तयारीचा संघ दाबतोच दाबतो. 'गुलाबी' शब्द येईपर्यंत थांबलेला संघ हरला. आणि लोणारचं पोट्टं, ज्याच्या घरापासून ते विवर चालत जायच्या अंतरावर आहे, ते शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत हात खाली ठेवून बसलेलं असतं. त्याला उत्तर येत नाही असं नाही. उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय बोलायचं नाही हे आपण त्याला पहिलीपासून शिकवलंय. मधे बोलला की "गप बस, पूर्ण ऐकून घे." शहरातल्या तयारीच्या शाळेत नेमकं उलटं शिकवतात, की प्रश्न कुठं वळणार हे अर्ध्यात ओळख.

भाषेचं तर विचारू नका. राष्ट्रीय पातळीवरच्या कार्यक्रमांचं व्यासपीठ इंग्रजी नाहीतर हिंदी. आपल्या मुलाला 'अल्कधर्मी' कळतं, 'अल्कलाइन' ऐकलं की दोन सेकंद जातात. बजरच्या खेळात दोन सेकंद म्हणजे सामना गेला. यावर लोक लगेच म्हणतात, मग इंग्रजी माध्यमात घाला. मला हा उपाय वाटत नाही. दोन सेकंदांचा फरक शब्दांच्या यादीनं भरून निघतो, त्यासाठी माध्यम बदलायची गरज नाही. विज्ञान-भूगोलाचे काही शे शब्द दोन्ही भाषांत कानावरून गेले पाहिजेत. वाचून भागत नाही, ऐकावे लागतात, कारण क्विझ कानानं खेळतात.

याच ठिकाणी कुणीतरी बबिता ताडेंचं उदाहरण देईल. द्यायलाच पाहिजे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार मानधन घेणाऱ्या या बाईंनी 2019 मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकले. ग्रामीण माणसाला येत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पण त्या खेळात चार पर्याय आहेत, लाइफलाइन आहेत, हॉटसीटवर बसलं की बजरची मारामारी नाही, आणि एकट्यानं खेळायचं असतं. माणसानं स्वतःच्या वाचनाच्या बळावर तिथवर जाता येतं. शाळांच्या क्विझमध्ये संघ लागतो, संघाला सराव लागतो, सरावाला कुणीतरी रोज संध्याकाळी थांबणारं लागतं. म्हणून एकटा माणूस गावातून वर जातो, शाळा जात नाही.

आता प्रवासाचं. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. आपल्या जिल्ह्यात रेल्वे आहे ती मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात, आणि खामगावला एक फाटा. बुलडाण्याला, म्हणजे मुख्यालयालाच, नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या बाजूला नाही. (खामगाव-जालना मार्गाची मागणी किती जुनी, ते इथं काढत बसत नाही.) लोणारच्या शाळेचा संघ मुंबईला सकाळच्या फेरीला पोचवायचा तर आदल्या दिवशी दुपारी निघायचं, एसटीनं मलकापूर, रात्री विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादरला तोंड धुऊन थेट हॉलवर. सोबत एक सर आणि मुलगी असेल तर एक मॅडम. तिकिटं कोण काढणार? मुख्याध्यापक वर्गणी करतात नाहीतर सर खिशातून देतात. समोरचा संघ अंधेरीहून रिक्षानं आलेला असतो, झोप झालेली असते.

मग आता अंदाज. पुढच्या कुठल्याही राष्ट्रीय शालेय क्विझची सेमीफायनल टीव्हीवर लागेल तेव्हा हे पडताळून बघा. चारपैकी दोन संघ मोठ्या महानगरातल्या, साखळीनं शाळा चालवणाऱ्या संस्थांचे असतील. तिसरा मध्यम शहरातला, पण पूर्वी एक-दोनदा राष्ट्रीय फेरी गाठलेल्या शाळेचा. अंतिम सामना या तिघांतल्याच दोघांत होण्याची शक्यता मी दहात आठ धरतो. जिल्हा परिषद किंवा तालुक्याच्या अनुदानित मराठी शाळेचा संघ चारांत असण्याची शक्यता दहात एकसुद्धा धरवत नाही. हे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत, माझे आहेत, आणि ते चुकले तर मला आनंदच होईल.

राहिली चौथी जागा. तिथं घासाघीस आहे, आणि आपला विचार करायचा तो त्या जागेचा. ती जागा बहुधा अशा शाळेला मिळते जिथं मुलं एकत्र राहतात. नवोदय, सैनिक शाळा, निवासी शाळा. कारण उघड आहे. संध्याकाळी सहाला शेवटची बस पकडायची नसते. नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, म्हणजे तिथं पोचलेला मुलगा आपल्याच तालुक्यातला असतो, त्याला फक्त संध्याकाळ मिळालेली असते. शिक्षकांच्या बदल्या तिथंही होतात, पण घड्याळ बदलत नाही.

आणि बदल्यांवरून आठवलं. मँचेस्टरचा तो ग्रंथालयवाला एकाच ठिकाणी टिकला म्हणून चार करंडक आले. आपल्याकडं एखादे गुरुजी हौसेनं क्विझ सुरू करतात, तिसऱ्या वर्षी मुलं तयार व्हायला लागतात आणि गुरुजींचं नाव बदलीच्या यादीत येतं. नव्या जागी पुन्हा श्रीगणेशा. त्यामुळं ही जबाबदारी एका शिक्षकावर न टाकता केंद्रावर टाकावी. केंद्रप्रमुख दर महिन्याला शिक्षण परिषद घेतातच, त्यात अर्धा तास या खेळाला दिला तरी आठ-दहा शाळांचा आपसात सराव होतो. सामना खेळल्याशिवाय संघ तयार होत नाही, मग प्रश्नपेढी कितीही जाड असो.

साहित्य म्हणाल तर चार बल्ब, चार बटणं, बॅटरी आणि वायर. दहावीच्या मुलानं विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला बजर चालतो. खर्च खरा आहे तो प्रवासाचा, आणि जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून राज्य फेरीला जाणाऱ्या संघाचं भाडं देण्याची तरतूद करणं काही अवघड नाही. क्रीडा स्पर्धांना संघ जातो तेव्हा त्याचा विचार होतो, मग क्विझच्या संघाचा का नको, हा प्रश्न आपल्या सदस्यांना विचारायला हरकत नाही.

महाविद्यालयांसाठी एक नोंद. रिझर्व्ह बँकेला 90 वर्षं झाल्याच्या निमित्तानं 2024 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी क्विझ झालं. संघ दोघांचा, कुठल्याही शाखेचा, पहिली फेरी ऑनलाइन, मग राज्य, मग विभाग आणि शेवट मुंबईत. राज्य पातळीचं पहिलं बक्षीस 2 लाखांचं, राष्ट्रीय 10 लाखांचं. अशी स्पर्धा जाहीर होते तेव्हा नोंदणीची मुदत थोडी असते आणि तालुक्याच्या कॉलेजात परिपत्रक पोचेपर्यंत ती संपत आलेली असते. प्राचार्यांच्या टेबलावरच्या फायलीत अडकण्याआधी ते विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं, तर निदान पहिल्या ऑनलाइन फेरीला मेहकर-चिखलीचे संघ दिसतील. त्या फेरीला रेल्वे लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती. वर दिलेला लोणारचा प्रश्न उद्या सातवी-आठवीच्या वर्गात मोठ्यानं, सावकाश वाचा. पर्याय देऊ नका. उत्तर कळलं त्या क्षणी टेबलावर थाप मारायला सांगा, आणि पहिली थाप कोणत्या शब्दावर पडली ते पोर्टलच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर शाळेच्या नावासह कळवा. तेरा तालुक्यांचा तो तक्ता आपण इथंच छापू.